क्रमांक १९९

एप्रिल २०००, न्यूयॉर्क. अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, ड्राफ्टचा (नव्या खेळाडूंच्या निवडीचा) हा दुसरा दिवस आहे. महाविद्यालयातून येणाऱ्या खेळाडूंवर इथे बोली लागत नाही; आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला सर्वांत आधी निवड करता येते, आणि अशा सात फेऱ्या होतात.

सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर, न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रेडीला घेतले. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडूचे पास टाकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू. त्याच्याआधी असे सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. त्यांपैकी ६५व्या क्रमांकाचा जिओव्हानी कार्माझी लीगच्या नियमित हंगामात एकही सामना खेळू शकला नाही. ब्रेडीने सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले.

ही हकिकत बहुधा पारख करणाऱ्यांची चूक म्हणून सांगितली जाते. आम्हाला तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. ब्रेडी बाकावर बसून होता, कारण संघाकडे ड्रू ब्लेडसो होता, म्हणजे १९९३च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, ज्याच्याशी २००१च्या मार्चमध्येच दहा वर्षांचा करार झाला होता. त्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाविरुद्ध ब्लेडसोला गंभीर दुखापत झाली, आणि तेव्हा कुठे ब्रेडीला संघाची सूत्रे मिळाली.

वरच्या क्रमांकाला अर्थ नाही असे मुळीच नाही. १९९८चा पहिला पेटन मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु त्याच्यामागून दुसरा निवडला गेलेला रायन लीफ पहिल्या हंगामात टचडाउनचे, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, दोनच पास देऊन पंधरा वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती देऊन बसला.

शिवाय पहिली निवड बहुधा दुबळ्याच संघाच्या वाट्याला येते. २००२मध्ये नव्यानेच उभ्या राहिलेल्या ह्यूस्टन टेक्सन्सनी डेव्हिड कारला पहिला घेतले, आणि त्याच्यापुढची बचावफळी इतकी कच्ची होती की त्या एका हंगामात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला पास टाकण्याआधीच ७६ वेळा जमिनीवर पाडले. अशा हंगामावरून त्याच्या महाविद्यालयीन खेळाची पारख बरोबर होती की चूक, हे कसे ठरवावे?

वायोमिंग विद्यापीठात जॉश ॲलनचे जेमतेम ५६ टक्के पास सहकाऱ्यांपर्यंत पोहोचत. बफेलो बिल्सनी २०१८मध्ये त्याला सातव्या क्रमांकावर घेतले, चुका होत असतानाही खेळवत ठेवले, आणि २०२०मध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. सातव्या क्रमांकाला मिळणारा हा धीर १९९व्याला सहसा मिळत नाही. म्हणून केवळ खेळलेले सामने आणि पासने पुढे नेलेले एकूण अंतर (यार्ड) मोजले, तर वरचे क्रमांक आपोआपच सरस दिसतात.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी २०२१मध्ये तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्सला मिळवण्यासाठी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या. पुढच्या वर्षी त्यांनी ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा खेळाडू ब्रॉक पर्डी घेतला. २०२२च्या हंगामात लान्स जायबंदी झाला, मग त्याच्या जागी आलेला जिमी गॅरोपोलोही जायबंदी झाला, आणि डिसेंबरमध्ये पर्डी मैदानात उतरला. फेब्रुवारी २०२४च्या सुपर बोलमध्ये या संघाचा क्वार्टरबॅक तोच होता.