तोल मोजणारा कॅमेरा

[दृश्य : रात्र. हरभऱ्याचं वावर. बॅटरीचा उजेड, चिखलात रुतलेले पाय.]

विदर्भातल्या कितीतरी गावांत थ्री-फेज लाइनची पाळी रात्री येते, आणि तेव्हाच ओलिताला जावं लागतं. काळी माती भिजली की पाय घोट्यापर्यंत रुततो. बॅटरी काखेत, फावडं हातात. तरी माणूस धुऱ्यावरून जातो, दांड फोडतो आणि न पडता परत येतो.

उभं राहण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. एक डोळ्यांकडून. दुसरी आतल्या कानाकडून. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांना डोकं वळलेलं कळतं. तिसरी तळपाय आणि घोट्यांकडून. रात्रीच्या वावरात डोळे जवळजवळ बाद होतात, चिखलात तळपायांचा भरवसा नसतो, आणि सारा भार कानावर येतो. तोल तपासायच्या एका प्रसिद्ध चाचणीतली सर्वांत अवघड पायरी नेमकी हीच आहे : मऊ फोमवर उभं करून डोळ्यांची मदत काढून घ्यायची. ॲन शमवे-कुक आणि फे होराक यांनी ती 1986 मध्ये मांडली. आपला शेतकरी हीच परीक्षा हिवाळ्यात, उघड्यावर देतो आणि तिची नोंद कुठंच होत नाही. मला हे फार खटकतं. वय वाढलं, मधुमेहानं तळपाय बधिर झाले, तर त्या तिघांतला आणखी एक आधार कमी होतो.

[दृश्य : शाळेची खोली. तिवईवर कॅमेरा. समोर नऊवारी लुगड्यातल्या आजी.]

"आजी, आता डोये मिटा. हालू नोका बरं."

"मी कुठं हालून राहिली बाप्पा! ठाण उभी आहो."

पडद्यावर मात्र आजींच्या कमरेचा ठिपका पुढे-मागे सरकतोय. तुमचाही सरकेल. उभ्या माणसाचा भार घोट्याच्या जरासा पुढे पडतो. पोटऱ्या त्याला सारख्या मागे ओढतात, पुन्हा सैल सोडतात. स्थिर उभं राहणं म्हणजे ही न थांबणारी दुरुस्ती. डोळे मिटले की झोका वाढतो, आणि किती वाढतो, तेच तर बघायचं.

हा कॅमेरा 'किनेक्ट'. मायक्रोसॉफ्टनं तो 2010 मध्ये व्हिडिओ गेमसाठी आणला. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची ठिपक्यांची नक्षी समोर टाकतो. ती अंगावर कशी सरकली, यावरून प्रत्येक जागेचं अंतर काढतो, आणि सेकंदाला 30 वेळा शरीरातले 20 बिंदू शोधतो. अंगाला काही चिकटवावं लागत नाही. प्रयोगशाळेत यासाठी चमकते मणी लावतात, पायाखाली दाब मोजणारी महागडी पाटी असते. ती गावात कोण आणणार? 2012 मध्ये रॉस क्लार्क आणि सहकाऱ्यांनी किनेक्टची मापं मण्यांच्या यंत्रणेशी ताडून पाहिली. बरीच जुळली, काहींमध्ये ठरावीक फरक राहिला.

गावात अडचणी वेगळ्याच. उन्हात अवरक्त नक्षी पुसून जाते, म्हणून ओसरी सोडून आत यावं लागलं. लुगड्याच्या घोळात गुडघा कुठं आहे, हे कॅमेरा अंदाजानं ठरवतो, आणि अंदाज चुकतो. त्यासाठी आजींना कपडे बदलायला सांगणं आम्हाला पटलं नाही. झोका बघायला कंबर आणि खांदे पुरतात. गुडघ्याचे आकडे आम्ही सोडून दिले.

हे सारं कशासाठी? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात वर्षाला 6 लाख 84 हजार माणसं दगावतात. 80 टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. एका दिवसाच्या आकड्यावरून कुणी पडेल की नाही, हे सांगता येत नाही. पण याच आजींचा झोका काही महिन्यांनी पुन्हा मोजला आणि तो वाढलेला दिसला, तर डॉक्टरांकडे न्यायला कारण हाती लागतं.

[दृश्य : आशाताई फोन तिवईवर बसवताना.]

किनेक्ट आता बनत नाही. साध्या फोनच्या कॅमेऱ्यावरही शरीराचे 33 बिंदू ओळखणारी प्रणाली मिळते. मात्र एका भिंगाला पुढे-मागेचं अंतर नीट कळत नाही, आणि पाय थोडे फाकवून उभं राहिल्यावर माणूस जास्त झुलतो तो पुढे-मागेच. म्हणून फोन समोर ठेवायचा नाही. आजींच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवायचा.