फोन तुमचा, बांध शेजाऱ्याचा

(हातात फोन, टेबलावर दुसरा फोन. थेट कॅमेऱ्याकडे.)

नमस्कार मंडळी. समजा, तुम्ही शेत घेतलंत. सातबारा कोरा, विहिरीला बारमाही पाणी, माती काळीभोर. अडचण एकच, शेताला रस्ता नाही. चहूबाजूंनी दुसऱ्यांची रानं, आणि शेजारी म्हणतो, माझ्या बांधावर पाय ठेवायचा नाही. आता तो पिकवलेला ऊस काय डोक्यावर घेऊन उडणार?

गावाकडे कुणालाही विचारा, निम्मी भांडणं बांधावरचीच असतात. म्हणून तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे. तुम्ही वाट मागायची, तहसीलदार चौकशी करणार आणि बांधावरून रस्ता मिळतो की नाही ते ठरवणार. शेजाऱ्याला तुम्ही आवडता की नाही, याला तिथे किंमत नाही.

आजचा विषय टेलिफोनचा आहे. पण हे शेत डोक्यात ठेवा, कारण फोन कंपन्यांचं भांडण शंभर वर्षं याच बांधावर चाललंय.

बघा. नवी कंपनी आली. टॉवर उभारले, सिम विकली, पहिले एक लाख ग्राहक मिळाले. हे लाख लोक फोन कुणाला करणार? आईला, वाण्याला, ऑफिसला. आणि आई, वाणी, ऑफिस सगळे जुन्या कंपन्यांकडे. म्हणजे नव्या कंपनीचा जवळजवळ प्रत्येक कॉल शेजाऱ्याच्या रानातून जाणार. आणि हा शेजारी साधासुधा नाही, त्याचं गिऱ्हाईक पळवायलाच तुम्ही आलायत.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही शहरांत दुकानदार दोन-दोन फोन ठेवायचे. दोन कंपन्या, एकमेकींना न जोडलेल्या. सरकारचा दट्ट्या जवळ आला तेव्हा १९१३ मध्ये तिथल्या सर्वांत बड्या फोन कंपनीचे, एटी अँड टीचे, उपाध्यक्ष किंग्सबरी यांनी सरकारला पत्र लिहून कबूल केलं, की स्वतंत्र कंपन्यांना आम्ही आमच्या लांब पल्ल्याच्या तारा वापरू देऊ. आपल्याकडे हे काम कायद्याने ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे आहे, १९९७ पासून. कंपन्यांनी एकमेकांना जोडून घ्यायचं, आणि ते नीट होतंय ना, हे ट्रायने बघायचं.

आता ही जोडणी दिसते कशी? जिथे दोन कंपन्यांचं जाळं एकमेकांना भेटतं, त्या जागेला म्हणतात पॉइंट ऑफ इंटरकनेक्ट. धंद्यातले लोक नुसतं पीओआय म्हणतात. परवापरवापर्यंत या जागेचं माप होतं ई-वन. एक ई-वन म्हणजे एका वेळी ३० कॉल. पोस्टाच्या ३० खिडक्या समजा. एकतिसावा माणूस आला की त्याला रांगसुद्धा नाही, सरळ परत. आणि आपल्या कानात ती बाई बोलते, ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.’ तुमचा फोन ठणठणीत, समोरच्याचा ठणठणीत, दोघांच्या टॉवरला रेंज. खिडकी नाही, एवढंच. नियम सांगतो की पीओआयवर हजारात पाचपेक्षा जास्त कॉल असे परत जाता कामा नयेत.

इथे एक गंमत लक्षात घ्या. शेजाऱ्याला ‘नाही’ म्हणायची गरजच पडत नाही. ‘देतो की’ म्हणायचं आणि खिडक्या हळूहळू उघडायच्या. सरकारी कचेरीत ‘उद्या या’ ऐकलंय ना? तेच.

५ सप्टेंबर २०१६. गणेश चतुर्थी. घरोघरी आरत्या चालू, आणि त्याच दिवशी जिओची सेवा रीतसर सुरू झाली. कॉल फुकट. फुकट म्हटल्यावर लोक काय करणार? सुटले. सगळे कॉल एकाच दिशेला, जिओकडून एअरटेल, व्होडाफोन, आयडियाकडे. खिडक्या भरल्या. जिओ म्हणे, आमच्या शंभर कॉलमधले पंचाहत्तरहून जास्त पडतायत, हे मुद्दाम चाललंय. जुने म्हणे, करारात आम्हाला मुदत दिलेली आहे, तुमचा फुकटचा लोंढा आम्ही का झेलायचा?

जुन्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे मी कबूल करतो. तेव्हा दुसऱ्याचा कॉल आपल्या ग्राहकापर्यंत पोचवण्याबद्दल मिनिटाला १४ पैसे मिळायचे. म्हणजे बांधावरून गाडी नेली की शेजाऱ्याला पट्टी. याला आययूसी म्हणतात. जुन्यांचं म्हणणं, १४ पैशांत आमचा खर्चही निघत नाही. बरं, नसेल निघत. मग पट्टीवर भांडा ना! ट्रायकडे जा, दर वाढवून मागा. बांधावर काट्या टाकायचं कारण काय?

ट्रायलाही तसंच वाटलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये दंडाची शिफारस झाली. आकडा ३,०५० कोटी. तो कसा आला ते बघण्यासारखं आहे. दूरसंचार खात्याने देशाचे २२ सर्कल पाडलेत. आपलंच बघा, मुंबई वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं. ट्रायने सर्कलमागे ५० कोटी धरले. एअरटेल २१ सर्कल, १,०५० कोटी. व्होडाफोन २१, तेवढेच. आयडिया १९, म्हणजे ९५०. करा बेरीज. ट्रायने असंही लिहिलं, की लायसन्स रद्द करण्याचाही विचार झाला असता, पण त्यात ग्राहकांचे फार हाल होतील म्हणून ते सुचवत नाही. बरोबरच आहे म्हणा. बांध अडवला म्हणून शेजाऱ्याचं घर पाडलं तर आत राहणारे कुठे जाणार?

ही झाली २०१६ ची शिफारस. दंड भरा म्हणून खात्याची मागणी निघाली २०२१ मध्ये. पाच वर्षं! तोवर व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या होत्या.

मधल्या काळात कोर्टबाजी झाली ती थोडक्यात सांगतो. या तिघांनी संगनमत केलं का, याची चौकशी स्पर्धा आयोगाने लावली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तोच निकाल कायम ठेवला. म्हणणं असं, की बांध अडवला का, हे आधी तहसीलदाराला म्हणजे ट्रायला ठरवू द्या. कट केला का, ते मग बघू.

ट्राय यातून शिकली, हे मात्र खरं. २०१८ मध्ये नवे नियम आले. कुणी जोडणी मागितली तर ३० दिवसांत करार करायचा, अटींमध्ये आपपरभाव करायचा नाही, आणि नियम मोडला तर सर्कलमागे दिवसाला १ लाखापर्यंत दंड. मला यातला ‘दिवसाला’ हा शब्द फार आवडतो. ‘उद्या या’ म्हणणाऱ्याचं मीटर लगेच सुरू.

(टेबलावरचा फोन उचलून)

आता माझा सगळ्यात लाडका किस्सा. आमच्या घरी मिस कॉलची भाषा होती. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’. दोन म्हणजे ‘खाली ये, दार उघड’. बाबा रुपया वाचवायचे आणि आम्हाला वाटायचं, मिस कॉल हा गरिबाचा शोध. २०१९ मध्ये कळलं, की मोठमोठ्या कंपन्याही मिस कॉल खेळतात.

झालं असं. १४ पैशांची पट्टी २०१७ मध्ये ६ पैशांवर आणली होती आणि २०२० उजाडताच शून्य व्हायची होती. ट्रायने त्या तारखेचा पुन्हा विचार सुरू केला. जिओ बिथरली, कारण अजूनही तिचेच कॉल जास्त बाहेर जायचे आणि पैसे तिलाच मोजावे लागायचे. ऑक्टोबरात तिने दुसऱ्या नेटवर्कवरच्या कॉलला ग्राहकांकडून ६ पैसे घ्यायला सुरुवात केली. आणि याच सुमाराला लोकांच्या लक्षात आलं, की फोन पूर्वीइतका वाजत नाही. पूर्वी साधारण ४५ सेकंद वाजायचा. जिओवरून केलेला कॉल २० सेकंदांत बंद.

आता हिशेब लावा. आजी स्वयंपाकघरात. हात पिठात. हात धुऊन, पदराला पुसून, चष्मा शोधून फोनपर्यंत येते, तोवर वीस सेकंद संपली. मिस कॉल. आजी काय करणार? परत लावणार. आजीचा फोन दुसऱ्या कंपनीचा. म्हणजे कॉलची दिशा उलटली, आणि आता ६ पैसे आजीच्या कंपनीने जिओला द्यायचे! प्रतिस्पर्ध्यांनी हाच आरोप केला. जिओ म्हणाली, जगभर एवढाच वेळ असतो. मग एअरटेलनेही रिंग २५ सेकंदांवर आणली.

तीन वर्षांपूर्वी जो ‘माझी वाट अडवली’ म्हणून ओरडत होता, तोच आता घड्याळ लावून बसला होता. मला त्याचं नवल वाटत नाही. बांधाच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर तुमचं तत्त्व ठरतं, हे गावात कुणीही सांगेल. म्हणून तर तहसीलदार तिऱ्हाईत लागतो.

१ नोव्हेंबर २०१९ ला ट्रायने आदेश काढला. कुणी उचलला नाही तर मोबाइल ३० सेकंद वाजणार, लँडलाइन ६० सेकंद. विचार करा, देशाच्या दूरसंचार नियामकाला फोनची घंटा किती वाजावी हे राजपत्रात छापावं लागलं, आणि तेही मिनिटाच्या ६ पैशांपायी. ठरल्यापेक्षा वर्षभर उशिरा, १ जानेवारी २०२१ पासून ते ६ पैसेही गेले. मोबाइलवरून मोबाइलला बांधाची पट्टी शून्य.

घंटेचा नियम मात्र मागे राहिला. थांबा, दाखवतोच.

(एका फोनवरून दुसऱ्याला कॉल लावतो. टेबलावरचा फोन थरथरत वाजतो. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.)

दहा… वीस… आजीने हात धुतले… पंचवीस… चष्मा सापडला…

(रिंग थांबते.)

हात्तिच्या. थोडक्यात हुकला.