डेलियमचे सैन्य : ग्रीक फौज उभी करताना

मंडळी, टेबलावरच्या युद्धखेळासाठी प्राचीन ग्रीक सैन्य जमवायचे असे ठरवून जो या छंदात येतो, त्याची पहिली खरेदी बहुधा ठरलेली असते : गोल ढाली, लांब भाले आणि तुऱ्यांची शिरस्त्राणे असलेल्या हॉप्लाइटांच्या, म्हणजे जड शस्त्रांच्या पायदळाच्या, मिनिएचरांची (छोट्या पुतळ्यांची) मोठी पेटी. त्यात वावगे काही नाही. पण पेटीमागून पेटी घेत गेल्याने हॉप्लाइटांची गर्दी जमते, सैन्य उभे राहत नाही. आधी एक लढाई निवडावी, तिच्यात कोण किती होते ते पाहावे आणि मगच पैशाला हात घालावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यासाठी आज मी डेलियमची लढाई घेतो.

इ.स.पू. ४२४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर हिपोक्रॅटीसच्या हाताखालचे अथेनियन (अथेन्सचे) सैन्य शेजारच्या बिओशिया प्रांताच्या हद्दीत शिरले आणि डेलियम येथील अपोलोच्या देवस्थानाभोवती तटबंदी करून परत निघाले असताना बिओशियातल्या थीब्ज नगराचा सेनापती पॅगोंडस याने त्याला गाठले. ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीसने बिओशियन बाजूचे आकडे दिले आहेत : ७,००० हॉप्लाइट, १०,००० हून अधिक हलके पायदळ, १,००० घोडेस्वार आणि ५०० पेल्टास्ट (हलकी ढाल घेतलेले भालाफेके). एका मिनिएचरमागे ५० माणसे धरली, तर १४० हॉप्लाइट, २०० हलके सैनिक, २० घोडेस्वार आणि १० पेल्टास्ट लागतात. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण पेट्या विकत घेतो ते हॉप्लाइट या फौजेत निम्म्याहून कमी आहेत. भालाफेके, गोफणवाले आणि नुसते दगड हाती घेतलेले गरीब शेतकरी रंगवायला कोणाला फारसा उत्साह नसतो, हे मी जाणतो. पण त्यांना वगळून मांडलेले बिओशियन सैन्य अपुरे आहे. अथेन्सची बाजू त्या मानाने स्वस्तात होते. तिचे हॉप्लाइट साधारण तेवढेच होते, आणि रीतसर शस्त्रसज्ज हलके पायदळ तिच्याकडे नव्हतेच. सोबत आलेले बहुतेक लोक निःशस्त्र होते आणि त्यांतले बरेच आधीच घराकडे वळले होते.

आता रांगांच्या खोलीचा प्रश्न. अथेनियन आठ ओळी खोल उभे होते, तर उजव्या बगलेवरचे थीबन पंचवीस ओळी. मी सुमारे २८ मिमी उंचीच्या प्लास्टिक मिनिएचरसाठी ६० मिमी रुंदीचा बेस (चपटी बैठक) घेतो आणि त्यावर पुढे चार, मागे चार असे आठ सैनिक चिकटवतो. अथेन्ससाठी असा एक बेस खोलीला पुरतो. थीब्जसाठी एकामागे एक तीन बेस ठेवावेत, म्हणजे प्रमाण जवळजवळ बरोबर येते. यातून थीबनांची आघाडी अरुंद होते, आणि पॅगोंडसने कोणती जोखीम पत्करली होती ते टेबलाकडे पाहताच कळते.

सर्वांत जास्त वेळ मी ढालींना देतो. आस्पिस ही ढाल सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे या मापात साधारण १५ मिमीची, आणि ती सैनिकाचे अर्धे अंग झाकते. म्हणून ती चिकटवण्याआधी सुटीच रंगवावी, नाहीतर तिच्यामागच्या चिलखतापर्यंत ब्रश पोहोचत नाही. आतली बाजूही सोडू नये. डावा हात कोपरापर्यंत ज्यातून जातो तो मधला रुंद पट्टा आणि काठाजवळची मूठ, दोन्ही नीट उठून दिसली पाहिजेत, कारण खेळताना आपण आपल्या सैन्याच्या पाठीमागेच बसलेलो असतो. काशाला (ब्रॉन्झला) तपकिरी रंग देण्याची चूक सर्रास होते. घासूनपुसून ठेवलेले कासे सोन्यासारखे पिवळे दिसते. (कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी मॅट व्हार्निशचा स्प्रे पावसाळ्यात शक्यतो मारू नये, हवेतल्या दमटपणामुळे त्यावर पांढरट धुके धरते.)

ढालीवरच्या चिन्हांबाबत मात्र मोह आवरावा. एका नगराच्या सर्व ढालींवर एकच चिन्ह असल्याचे पुरावे आहेत : इ.स.पू. ३९२ मध्ये कॉरिंथजवळ पॅसिमॅकस या स्पार्टन अधिकाऱ्याने सिक्योनच्या लोकांच्या ढाली घेतल्या, आणि त्यांवरचे सिग्मा अक्षर (सिक्योनचे आद्याक्षर) पाहून शत्रुपक्षातले अर्गोसचे सैनिक त्यांना सिक्योनचे समजून फसले. पण हे डेलियमनंतर बत्तीस वर्षांनी घडले. डेलियमच्या वेळी थीब्जच्या प्रत्येक ढालीवर त्या नगराचे चिन्ह म्हणून गदा काढावी असे मला वाटत नाही. ज्याने त्याने आपल्या पसंतीचे चिन्ह काढलेले असावे असे समजून मी साप, कोंबडा, बैलाचे मुंडके, नुसती वर्तुळे अशी सरमिसळ करतो. डेकल (ढालीवर चिकटवायची तयार चित्रे) वापरत असाल तर दोनतीन प्रकारचे संच आणून ते सगळ्या तुकड्यांत वाटावेत.

या सरमिसळीला लढाईतच आधार सापडतो. बिओशियनांच्या डाव्या बगलेवर थेस्पिया या बिओशियन नगराचे लोक होते. शेजारच्या तुकड्या हटल्या तेव्हा ते एकटे पडले आणि अथेनियनांनी त्यांना वेढून कापून काढले. वेढा पुरा करताना अथेनियनांचीच दोन टोके समोरासमोर आली आणि ओळख न पटल्याने त्यांनी एकमेकांनाही मारले. थेस्पियाच्या या लोकांची तुकडी अवश्य वेगळी करावी. पुढच्याच वर्षी थीब्जने, ज्यांच्या बाजूने ते लढले होते त्यांनीच, थेस्पियाची तटबंदी पाडली, आणि हे वाचल्यापासून ती तुकडी रंगवताना मी कधी घाई केलेली नाही.

मैदानाच्या दोन्ही टोकांना ओढे मांडावेत, कारण त्यांच्यामुळे दोन्ही सैन्यांची टोके एकमेकांना भिडलीच नाहीत. मध्ये टेकडी हवी. पॅगोंडसने घोडदळाची दोन पथके तिच्याआडून गुपचूप फिरवली आणि ती अचानक समोर येताच, दुसरे सैन्यच चालून आले असे वाटून जिंकत असलेल्या अथेनियन बगलेचा धीर सुटला. तेव्हा खेळात ती पथके टेबलाबाहेर ठेवावीत आणि कोणत्या फेरीत येणार ते बिओशियन खेळाडूने आधी कागदावर लिहून ठेवावे. आणि अथेनियन खेळाडूने थेस्पियाला वेढा घातला, की त्याने प्रत्येक फेरीत एक फासा टाकावा : एक पडला तर त्याचाच एक बेस बाद.