हापूसची पेटी आणि क्लिकचा भाव

[दृश्य : देवगड तालुक्यातली पॅकिंग शेड. पेंढ्यावर ओळीनं मांडलेला हापूस.]

झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, उतरवलेला आंबा दुपारपर्यंत शेडमध्ये येतो. देठ शाबूत आहे ना, चीक सालीवर ओघळला नाही ना, हे पाहून वजनाप्रमाणे फळं वेगळी होतात. २०० ते २५० ग्रॅम एका बाजूला, त्यावरची दुसऱ्या. डागी फळ इथंच वगळलं जातं. खोक्याच्या तळाशी पेंढा, त्यावर एक डझन, पुन्हा पेंढा, वर दुसरं डझन.

वर्षानुवर्षं ही पेटी वाशीच्या बाजारात जायची. अडत (अडत्याचं कमिशन), हमाली, गाडीभाडं वजा होऊन उरेल ते बागायतदाराचं. बराच माल आजही बाजारातच जातो. पण या खोक्यांवरचे पत्ते वाचा : कोथरूड, डोंबिवली, नागपूर. ही गिऱ्हाइकं मोबाइलवरची जाहिरात बघून आली आहेत. थेट विक्रीत अडत सुटली, तिच्या जागी जाहिरातीचा खर्च बसला. अडत हिशेबाच्या पट्टीवर लिहून यायची. हा खर्च मात्र कुठल्याच पेटीवर लिहिलेला नसतो, तो स्वतः काढावा लागतो.

[दृश्य : शेडमधलं टेबल. वही, कॅल्क्युलेटर.]

हिशेबासाठी आकडे धरू. दोन डझनांची पेटी २,४०० रुपयांना. फळाची किंमत १,३००. खोका, पेंढा, खोक्याला लावायची पट्टी, मजुरी १५०. पुण्यापर्यंतचं कुरिअर ३५०. ऑनलाइन पैसे घेण्याचे, दोन टक्के आणि त्यावरचा जीएसटी धरून, ५७. वाटेत खराब झालेल्या फळांच्या भरपाईसाठी पेटीमागे १००. उरले ४४३.

एक पेटी विकायला जाहिरातीवर जास्तीत जास्त एवढंच खर्च करता येईल, आणि तेवढा केला तर नफा शून्य. शिवाय जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ताजा आंबा या करातून मुक्त आहे. त्यामुळे फक्त आंबा विकणाऱ्याला तो कर वळता करून घेता येत नाही, सगळा अंगावर पडतो. ४४३ भागिले १.१८, म्हणजे ३७५. जाहिरात खात्याच्या पडद्यावर एका ऑर्डरचा खर्च ३७५च्या वर दिसला की पेटी तोट्यात गेली.

आता ‘रोआस’. जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली, तो आकडा. चार आला की पाठ थोपटली जाते. या पेटीला चार म्हणजे ६०० रुपये जाहिरात, कर धरून ७०८. पेटीमागे २६५ रुपये खिशातून गेले. इथं ना नफा ना तोटा व्हायलाच ६.४ लागतो. दुसऱ्याचा रोआस ऐकून आपला खर्च ठरवू नका.

हीच पेटी विमानानं दिल्लीला पाठवायची आणि कुरिअर ७०० रुपये धरलं, तर ४४३चे ९३ उरतात. म्हणून पुणे-मुंबई आणि दिल्ली जाहिरातीच्या एका मोहिमेत ठेवत नाहीत. दिल्लीचा दर तरी वेगळा हवा, नाहीतर जाहिरात बंद हवी.

[स्क्रीन रेकॉर्डिंग : ‘देवगड हापूस ऑनलाइन’ असा शोध. वर चार जाहिराती.]

जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की विक्रेत्याचे पैसे कापले जातात. या क्लिकचा भाव ठरतो कसा? कुणी हे शब्द टाइप करून शोध घेतला, की त्याच क्षणी लिलाव होतो. प्रत्येक शोधाला नवा. या पद्धतीला पाव शतकाचा इतिहास आहे. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या शोध संकेतस्थळानं शोधाच्या निकालातली जागा क्लिकच्या बोलीवर विकायला काढली. गूगलची ॲडवर्ड्स ही जाहिरात सेवा २००० साली सुरू झाली ती हजार वेळा जाहिरात दाखवण्याच्या दरानं. २००२ मध्ये क्लिकचा लिलाव आला आणि त्यात एक महत्त्वाची गोष्ट जोडली गेली : क्रम फक्त बोलीवर ठरणार नाही, लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात तेही मोजलं जाईल.

लहान विक्रेत्याला वाव आहे तो इथंच. आज बोलीबरोबर तीन गोष्टी बघितल्या जातात : क्लिक होण्याची शक्यता, शोधलेल्या शब्दांशी जाहिरातीचा मेळ आणि क्लिकनंतर उघडणारं पान. या तिन्हींत जो सरस, त्याला तीच जागा कमी पैशांत मिळते, कारण साधारणपणे खालच्याला मागं टाकण्यापुरतेच पैसे कापले जातात. जाहिरातीत ‘देवगड हापूस, २ डझन, २,४०० रुपये, पुण्यात घरपोच’ लिहिलं आणि पानावर तेच, त्याच दरात, सगळ्यात वर दिसलं, तर भाव उतरतो. दर लपवला तर फुकट चौकशीचे क्लिक येतात, आणि पैसे त्यांचेही जातात.

एक क्लिक ८ रुपयांना धरा. ३७५ रुपयांत ४७ क्लिक बसतात. ४७ जणांत एकानं पेटी घेतली तर खर्च बरोबर सुटतो. १०० जणांत एक घेत असेल तर कर धरून ९४४ रुपये गेले. अशा वेळी बोली कमी करून फारसं साधत नाही, दोष पानात असतो. चार-चार एमबीचे फोटो, पिन कोड टाकल्यावर शेवटी कळणारं डिलिव्हरीचं भाडं, आंबा कधी पोहोचेल याची तारीख नाही. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या अहवालात ‘लिंक क्लिक’ (किती क्लिक झाले) आणि ‘लँडिंग पेज व्ह्यू’ (पान किती वेळा खरंच उघडलं) हे दोन आकडे शेजारी ठेवा. तफावत मोठी असेल तर पान उघडेपर्यंत माणूस निघून गेलेला आहे.

[स्क्रीन रेकॉर्डिंग : शोधशब्दांचा अहवाल. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.]

लोकांनी नेमकं काय शोधल्यावर आपली जाहिरात दिसली, ते सांगणारा गूगलचा हा अहवाल हंगामात रोज उघडायचा. ‘हापूस’ हा शब्द ढिल्या जुळणीवर, ब्रॉड मॅचवर, सोडला की काय काय येतं बघा : हापूस कलम किंमत, आंबा मोहोर फवारणी, आमरस कसा करायचा, वाशी मार्केट आंबा भाव. यातल्या कुणालाच पेटी नको आहे. कलम, रोप, फवारणी, रेसिपी, बाजारभाव हे शब्द निगेटिव्ह यादीत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसू नये अशा शब्दांच्या यादीत टाकायचे, मराठी, हिंदी आणि इंग्रजी स्पेलिंगांसह.

आणखी दोन गळत्या सेटिंगमध्येच असतात. शोध मोहीम बनवताना डिस्प्ले नेटवर्क (इतर संकेतस्थळं आणि ॲपवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर (गूगलबाहेरची शोधाची ठिकाणं) यांच्यावर बहुधा आधीच खूण असते. ती काढा. ठिकाण ‘पुणे’ निवडलं तरी मूळ पर्यायात पुण्याविषयी ‘रस दाखवणारे’ बाहेरगावचे लोकही येतात. पर्याय बदलून फक्त तिथं असलेले लोक निवडा. रोजचं बजेट ५०० लिहिलं तर गूगल एखाद्या दिवशी १,००० पर्यंत खर्च करू शकतं. महिन्याची मर्यादा मात्र ३०.४ पट, म्हणजे १५,२०० राहते. पहिल्या दिवशी दुप्पट गेले म्हणून घाबरून मोहीम बंद करू नये.

[दृश्य : मोबाइलवर आंब्याची रील. खाली ‘बूस्ट’चं बटण.]

मेटाकडे शोध नसतो, तिथं यंत्रणा माणसं निवडते, आणि आपण मागू तशीच निवडते. मोहिमेचं उद्दिष्ट म्हणून ‘ट्रॅफिक’ मागितलं तर बोट पटकन लावणारे मिळतात. क्लिक स्वस्त, पेट्या नाहीत. ‘सेल्स’ मागावं, आपल्या पानावर पिक्सेल (ऑर्डर झाल्याचं मेटाला कळवणारा कोड) बसवून. मात्र यंत्रणेला शिकायला आठवड्याला सुमारे ५० ऑर्डर लागतात. ३७५ गुणिले ५० म्हणजे १८,७५०, दिवसाला जवळपास २,७००. एवढं बजेट नसेल तर पाच ॲड सेट (मोहिमेतले वेगवेगळे गट) करू नका, एकच ठेवा, किंवा ‘ॲड टू कार्ट’वर, म्हणजे पेटी टोपलीत टाकण्यावर, मोहीम चालवा. आणि रोज सकाळी मोठे बदल करू नका. मोठ्या बदलानंतर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि हापूसचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचाच.

[दृश्य : ऑर्डरची वही आणि लॅपटॉप शेजारी शेजारी.]

समजा, वहीत ४० ऑर्डर आहेत. मेटा म्हणतं ३१ माझ्या, गूगल म्हणतं २२ माझ्या. बेरीज ५३. दोघंही आपापल्या नियमानं मोजतात. मेटा मुळात क्लिकनंतरचे सात दिवस आणि नुसतं बघितल्यानंतरचा एक दिवस धरतं, गूगल क्लिकनंतर ३० दिवस. एकच गिऱ्हाईक दोघांच्या खात्यात पडतं. ऑर्डरनंतर येणारं ‘धन्यवाद’चं पान पुन्हा उघडलं तर तीच ऑर्डर दोनदा मोजली जाऊ शकते, म्हणून प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक दोघांकडे पाठवणं गरजेचं. पडताळा मात्र वहीशीच घ्यायचा : दोन्हीकडचा एकूण खर्च, भागिले पोहोचलेल्या पेट्या.

[दृश्य : टेम्पोतून उतरवलेले, परत आलेले खोके.]

कॅश ऑन डिलिव्हरीच्या परत आलेल्या पेट्या. जाहिरातीच्या पडद्यावर या विक्री म्हणूनच दिसतात.

[दृश्य : शेड रिकामी. पेंढा झाडला जातो आहे.]

एखाद्या वजनाचा माल संपला की त्याची जाहिरात त्याच तासाला थांबवायची. पाऊस जवळ आला की मोहिमा बंद. मग वहीतून पेटी पोहोचलेल्या गिऱ्हाइकांची नावं, मोबाइल नंबर, शहर, पेट्यांची संख्या यांची यादी करायची, आणि ज्यांनी होकार दिला आहे अशांना पुढच्या मार्चमध्ये पहिला निरोप पाठवायचा. तिथून आलेल्या पेटीतले ते ४४३ रुपये जवळपास पूर्ण हाती राहतात. नव्या गिऱ्हाइकांसाठीची जाहिरात सुरू करताना हीच यादी जाहिरात खात्यात चढवून ती नावं वगळायची.