गोष्ट लक्षात राहते, मुद्दा कुठे जातो?

[दृश्य : काळ्या पडद्यावर एकामागून एक सरकणारी छायाचित्रे]

एक आई आपल्या लहान मुलाला घेऊन घरातून निघते. मुलाचे वडील रुग्णालयात काम करतात. त्यांना भेटायला दोघे चालले आहेत. वाटेत मुलाला मोटारीची धडक बसते. त्याचे तुटलेले पाय शल्यविशारद पुन्हा जोडतात. नंतर आई रुग्णालयाबाहेर येते, मुलाच्या बालवाडीत दूरध्वनी करते आणि टॅक्सी शोधू लागते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही गोष्ट छायाचित्रांसह ऐकवली होती. त्याच छायाचित्रांवर बेतलेली दुसरी, सौम्य गोष्टही त्यांनी तयार ठेवली होती. तिच्यात अपघात घडतच नाही; रुग्णालयात आपत्काळाची रंगीत तालीम चाललेली असते आणि जखमा रंगभूषेच्या असतात. आठवड्याने, पूर्वसूचना न देता, स्मरणाची चाचणी घेण्यात आली. अपघाताची गोष्ट ऐकलेल्यांना मधला, अपघाताचा भाग सर्वांत चांगला आठवत होता.

प्रयोगाचा खरा पेच मात्र पुढे आहे. काही जणांना गोष्टीपूर्वी प्रोप्रानोलोल हे औषध दिलेले होते. रक्तदाबासाठी वापरले जाणारे हे औषध शरीराला उत्तेजित करणाऱ्या ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन या रसायनांच्या परिणामाला अटकाव करते. गोष्ट किती चटका लावणारी वाटली, असे विचारल्यावर या मंडळींनी इतरांसारखेच उत्तर दिले. तरीही आठवड्याने अपघाताचा भाग त्यांना इतरांइतका आठवेना. साध्या भागांच्या स्मरणात मात्र फरक पडला नव्हता. म्हणजे मन हेलावणे आणि प्रसंग मनात टिकणे या एकाच घटनेच्या दोन बाजू नाहीत. त्यांच्या मध्ये शरीराचे एक स्वतंत्र काम चालते.

[दृश्य : मेंदूचे रेखाचित्र, अमिग्डाला हळूहळू उजळतो]

ते काम असे. भावना उचंबळली की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात येते. ते मेंदूत सहजासहजी शिरत नाही. पण त्याचा संदेश मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूच्या वाटेने वर पोहोचतो आणि मेंदूत नॉरॲड्रिनलिन पाझरू लागते. अमिग्डाला हा भावनांशी निगडित, बदामाच्या आकाराचा भाग त्याने जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाला, जणू खूण करतो की हे जपून ठेव. १९९५ साली केहिल आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झालेल्या एका रुग्णाला हीच गोष्ट ऐकवली, तेव्हा त्याच्या स्मरणात अपघाताच्या भागाला कोणतेही अधिकचे स्थान मिळाले नाही.

इथे माणसे ऐकत होती, वाचत नव्हती. वाचनाकडे वळले की प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण वाचक पानापुढे बसतो तो स्वतःचे मन घेऊनच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गॉर्डन बावर यांनी १९८१ साली मांडलेल्या एका प्रयोगात वाचकांना संमोहनाने आनंदी किंवा दुःखी मनःस्थितीत नेले होते. त्यांना वाचायला दिलेल्या गोष्टीत दोन मित्र टेनिस खेळतात. एकाचे सारे सुरळीत चालले आहे, दुसऱ्याचे सारे बिनसले आहे. दुःखी वाचकांना ती गोष्ट दुःखी मित्राची वाटली, आनंदी वाचकांना आनंदी मित्राची. दुसऱ्या दिवशी, मन पूर्ववत झालेले असताना, ज्याच्याशी आपले जुळले त्याच्याविषयीचेच तपशील त्यांना अधिक आठवले. निवड वाचतानाच होऊन गेली होती. याच काळातील बावर यांचे आणखी एक प्रतिपादन, म्हणजे ज्या मनःस्थितीत शिकलो तिच्यातच ते चांगले आठवते हे, पुढे त्यांच्या स्वतःच्याच प्रयोगांत नीट टिकले नाही, आणि त्यांनी ते प्रांजळपणे नोंदवले.

[दृश्य : आभाळात लखलखणारी वीज]

भावना जागवली की मजकूर लक्षात राहतोच, असे मानणाऱ्यांनी यापुढचा प्रयोग जरूर पाहावा. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी वीज कशी तयार होते हे समजावणारा पाठ विद्यार्थ्यांना दिला. काही प्रतींमध्ये विजेने माणसे कशी होरपळतात, अशी थरारक पण मूळ प्रक्रियेशी संबंध नसलेली माहिती मध्येमध्ये पेरली होती. त्या प्रती वाचलेल्यांना मुख्य मुद्दे कमी आठवले, आणि समजलेले नव्या प्रश्नाला लावून पाहण्यातही ते मागे पडले. वाचकाला वाटत राहिले की पाठ विजेच्या धोक्यांविषयी आहे, आणि त्याच समजुतीभोवती तो पुढचे सारे जुळवत गेला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील एक बारकावा महत्त्वाचा आहे : तीच थरारक माहिती पाठाच्या आरंभी दिली तर नुकसान अधिक होते, शेवटी दिली तर कमी.

[दृश्य : मंदिराचा सभामंडप, टाळ-पेटीचा मंद आवाज]

महाराष्ट्रातील नारदीय कीर्तनाची रचना इथे आठवल्यावाचून राहत नाही. पूर्वरंगात कीर्तनकार संतांचा एखादा अभंग घेतो आणि त्याचे निरूपण करतो. एकेका शब्दाचा अर्थ उलगडतो, दाखले देतो, शंका उपस्थित करून तिचे निरसन करतो. त्यानंतर मध्यंतरात नामघोष होतो, कीर्तनकाराला बुक्का लावतात, हार घालतात. श्रोत्यांचे डोळे पाणावणारे आख्यान उत्तररंगात येते. विजेच्या पाठातील होरपळ विषयाबाहेरची होती, तर कीर्तनातील आख्यान पूर्वरंगाच्या सिद्धान्तासाठीच निवडलेले असते, म्हणून ही तुलना जपूनच करायला हवी. परंतु विचाराची घडी बसल्यावरच भावनेला मोकळी वाट द्यायची, हा क्रम कोणत्याही प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी इथल्या कीर्तनकारांच्या अंगवळणी पडला होता. आख्यान संपते, श्रोते अजून त्या प्रसंगातच असतात, आणि तेवढ्यात कीर्तनकार पूर्वरंगातला तोच अभंग पुन्हा उचलतो.