नाशिकचा थंड कातळ, अंदमानचा गरम

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून दम खायला थांबलात की बाजूच्या कातळावर हात ठेवून बघा. दुपारी चटका बसतो, पण तो उन्हाचा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हाच दगड खरोखर वितळलेला होता. आपल्याकडे शंकूसारखा डोंगर वगैरे फुटला नाही हां, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला, म्हणून तर ब्रह्मगिरी काय अंजनेरी काय, सगळे पायऱ्यापायऱ्यांचे.

ते कधीच विझलं. देशात आज जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमान समुद्रातलं बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) साधारण १४० किलोमीटर, माणसांची वस्ती नाही. उंची साडेतीनशे मीटर, म्हणजे आपल्या ब्रह्मगिरीपुढे टेकाडच, पण ही नुसती शेंडी, खाली पाण्यात डोंगर अजून २ किलोमीटर उतरतो. इथे भेगांचा मामला नाही. भारताची प्लेट, म्हणजे जमिनीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, बर्माच्या प्लेटखाली सरकते, खोलवर तिच्यातलं पाणी सुटतं आणि त्यानेच वरचा खडक वितळायला लागतो.

स्फोटाची पहिली नोंद १७८७ ची. दोन वर्षांनी आर्चिबाल्ड ब्लेअर, हो तोच पोर्ट ब्लेअरवाला, इथे आला तेव्हाही डोंगर पेटलेलाच होता. मग १८३२ च्या सुमारास जो गप्प झाला तो थेट १९९१ पर्यंत! दीडशे वर्षांत चार पिढ्या गेल्या, कोणालाही वाटलं असतं की संपला हा. १९९१ मधे महिनोन्महिने धगधगला. सॅटेलाइट फोटोत बघा, बेट म्हणजे एक वाटी, पश्चिमेकडून फुटलेली, मधे शंकू. त्या फुटक्या बाजूनेच लाव्हा समुद्रात उतरला.

नंतर १९९४-९५, २००५, असं अधूनमधून चालूच. जानेवारी २०१७ मधे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं जहाज जवळच समुद्रतळाचे नमुने घेत होतं आणि डोंगराने अचानक राख उडवायला सुरुवात केली, पाच-दहा मिनिटांचे छोटे छोटे झटके. दिवसा नुसता राखेचा ढग, अंधार पडल्यावर कळलं की लाल कारंजं उडतंय आणि उतारावरून लाव्हा ओघळतोय. सप्टेंबर २०२५ मधेही दोनदा फुटला.

आणि या सगळ्यात बेटावर बकऱ्या आहेत. कोणीतरी कधीकाळी सोडलेल्या, आता पार रानटी झालेल्या, त्याच राखेच्या कडेला चरतात.