कोरडा राहिलेला स्पीकर

[पडदा काळा. फक्त आवाज : कोरड्या कागदावर नख ओढल्यासारखी खरखर.]

हा आमच्या घरातला डावा स्पीकर. गाणं लावलेलं नाही. वूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या भागाचा, कागदी कोन दोन्ही अंगठ्यांनी हलकेच आत दाबला की आतून ही खरखर येते. उजवा दाबला तर काहीच ऐकू येत नाही. मग साहजिकच वाटतं, उजवा चांगला आहे.

पाच वर्षं आमचाही तोच समज होता.

[दृश्य : सकाळची वेळ, कृष्णेवरचा आयर्विन पूल. कठड्यावरून पाण्याकडं बघणारी माणसं.]

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की आधी "पुलापाशी किती?" असं विचारतात. उत्तर फुटांत येतं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५७च्या वर गेला.

आमचं घर गावभागात. २००५च्या पुराची खूण भिंतीवर गुडघ्याएवढी होती. ती धरूनच सामान रचलं. गाद्या माळ्यावर, धान्याचे डबे जिन्यात. अण्णांच्या दोन स्पीकरपैकी एक टेबलावर ठेवला, जुन्या खुणेच्या चांगला हातभर वर. टेबलावर जागा संपली, म्हणून दुसरा लोखंडी कपाटाच्या डोक्यावर गेला. एवढ्याच कारणानं एक बुडाला आणि एक कोरडा राहिला. नवी खूण खांद्याला लागते.

अण्णा तोवर नव्हते. ऐंशीच्या दशकात हळदीचा दर बरा लागला होता, त्या वर्षी त्यांनी ही जोडी घेतली. आठ इंची वूफर, वरचे सूर काढणारा एक इंची घुमटाचा ट्वीटर, बंद पेटी. आई सांगते, घरात फ्रिज नव्हता, पण हे आले.

[दृश्य : मिरज. भोपळ्यांची रास, तानपुऱ्याच्या दांडीवर रंधा मारणारे हात.]

दुरुस्तीसाठी मिरज गाठली. सांगलीत दुकानं नाहीत असं नाही, पण दोन ठिकाणी "टाकून द्या, ब्लूटूथचा घ्या" हेच ऐकून परतलो होतो. मिरजेत तसं म्हणणारा माणूस सापडायला वेळ लागतो. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी इथं सतारी करायला घेतल्या, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

बाजाराच्या मागच्या बोळात काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं उडालीत. काका सत्तरीच्या पुढचे. त्यांचे वडील तानपुरे करायचे, हे मात्र रेडिओत रमले.

"बुडालेला कुठला?"

मी डावा पुढं केला. काकांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. उजव्याची जाळी काढली, वूफरच्या कडेच्या काळ्या फोमला बोट लावलं. ती कड बोटाबरोबर खाली आली. काजळीसारखी.

"हा पुराच्या कितीतरी आधी गेलाय. पाण्याला उगंच बोल लावताय तुम्ही."

[दृश्य : जवळून, काकांच्या बोटावरचा काळा चिकट भुगा.]

वूफरचा कोन बाहेरच्या लोखंडी सांगाड्याला एका लवचीक कडेनं जोडलेला असतो. ती कड कुणी रबराची करतं, कुणी कापडाची. सत्तरच्या दशकापासून पुष्कळ कंपन्यांनी ती पॉलियुरेथेन फोमची केली. हलकी, मऊ, स्वस्त. पण हवेतला दमटपणा फोमचे बंध तोडत राहतो. पंधरा-वीस वर्षांत फोमचं पीठ होतं. स्पीकर वाजवा की पेटीत बंद करून ठेवा, सुटका नाही. कड गेली की कोनाला धरणारं कुणी उरत नाही आणि खालचे सूर सगळ्यांत आधी जातात.

हे ऐकताना मला अण्णा आठवले. शेवटची काही वर्षं ते म्हणायचे, "खर्ज पातळ झालाय रे." आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेऊन आणलं.

[थोडी शांतता. दुकानातल्या पंख्याचा आवाज.]

आता बुडालेला. मागची पाटी काढली तर आत कृष्णेचा गाळ पापुद्रे धरून बसलेला. पेटी भुसा दाबून केलेल्या फळीची. खालचा भाग फुगून पावासारखा झाला होता. मीटरवर कॉइल, म्हणजे कोनाला चिकटलेली तारेची गुंडाळी, ६.२ ओहम दाखवत होती. ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. ८ ओहमच्या स्पीकरला मीटर सहाच्या आसपासच दाखवतो, म्हणजे तार शाबूत. मग घासतंय काय?

काकांनी मधली टोपी कापली, कॉइलच्या तारांचे डाग सोडवले, आतली पन्हळी जाळी, जिला सगळे स्पायडरच म्हणतात, ती सांगाड्यापासून सुटी केली आणि कोन कॉइलसकट उचलून बाहेर काढला. खाली चुंबकाची गोल खाच. केसांचा एखादा पुंजका जाईल इतकी अरुंद. या खाचेत कॉइल लटकते. अँप्लिफायरकडून येणाऱ्या विजेनुसार ती पुढंमागं होते, कोनाला ढकलते आणि कोन हवेला. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन इंजिनिअरांनी १९२५ साली ही रचना मांडली. आयर्विन पुलाहून चार वर्षांनी जुनी. पुलाशेजारी नवे पूल झाले. स्पीकरची ही रचना मात्र बहुतेक घरांत अजून तीच आहे.

खाचेत दोन गोष्टी होत्या. एक गंज. दुसरी गोष्ट घाटावर खेळलेल्या प्रत्येक पोराला माहीत आहे : कृष्णेच्या वाळूत चुंबक फिरवला की त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. आपल्या काळ्या कातळात लोहाचं चुंबकी खनिज असतं, ते झिजून नदीत येतं. पुराचं पाणी स्पीकरमध्ये शिरलं, तेव्हा हे कण बरोबर आपल्या जागी जाऊन बसले. फुंकर मारून ते निघत नाहीत. काकांनी पत्त्यातल्या पानाच्या पट्टीला उलटी चिकटपट्टी गुंडाळली आणि खाचेत फिरवून बाहेर काढली. काळी झाली. दुसरी. तिसरी. चोविसावी स्वच्छ आली.

"चुंबकच खोलून धुतला तर?" मी विचारलं.

"हां, मग चुंबक घेऊन घरी जायचं. स्पीकर माझ्याकडं राहू दे."

जुन्या अल्निको चुंबकाचं कवच उघडलं तर त्याची ताकदच उतरते. आमचा फेराइटचा होता, त्याला तेवढा धोका नाही. पण लोखंडी तबकड्या पुन्हा अचूक मधोमध बसवणं घरगुती हत्यारांचं काम नव्हे. ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांनी फोम जरूर बदलावा. चुंबकाचे स्क्रू सोडू नयेत.

[दृश्य : सोनाराचा छोटा तराजू. त्यावर कोन.]

इथं आमचं बिनसलं. बुडालेल्या कोनाची कड लाटांसारखी वाकली होती, तो बदलणं भाग होतं. काकांचं म्हणणं, "जोडीचं काम आहे, दोन्ही बदलू." मला अण्णांचा एक तरी कोन ठेवायचा होता. शेवटी त्यांनी शेजारच्या सराफाकडून काटा आणला. कोरडा कोन कॉइलसकट २२ ग्रॅम. बुडालेला २५, गाळ प्यायलेला. त्यांच्याकडं आठ इंची नवे कोन पाच होते. त्यातला २२ ग्रॅमच्या सगळ्यांत जवळचा निवडला. कोनाचं वजन आणि कडेचा ताठपणा यांवर वूफर कुठल्या सुरात स्वतःहून डोलतो ते ठरतं. फोम मात्र दोन्हींना एकाच पाकिटातला, त्यात तडजोड नाही.

कॉइल खाचेत मधोमध बसवायला पातळ पट्ट्या लागतात. मिरज दवाखान्यांचं गाव. जुन्या एक्स-रे फिल्मला इथं तोटा नाही. कुणाच्या तरी फासळ्यांच्या चार पट्ट्या कॉइलच्या आत खोचल्या गेल्या, मग स्पायडर चिकटला, मग फोम. एक दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या आणि अंगठ्यांनी कोन दाबला.

[आवाज : काहीच नाही.]

मोबाइलवरून सूर सोडून मीटर लावला : एक वूफर ३८ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३८ वेळा डोलतो, दुसरा ४१ला. मी तोंड वाकडं केलं. काका म्हणाले, "तानपुऱ्यांची जोडी बघितलीस का कधी? एकाच वेलाचे भोपळे घेतले तरी दोन आवाज शंभर टक्के एक होत न्हाईत. गवय्या मधोमध बसतो आणि ते त्याला एकच लागतात."

पेटीचा बुडालेला तळ कापून नवा प्लायवुडचा लावला, आतली जागा तेवढीच ठेवून. बंद पेटीत आतली हवाच वूफरची स्प्रिंग असते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली याच तत्त्वावरचा स्पीकर लोकांपुढं आणला आणि कपाटाएवढा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावू लागला. पण फट राहिली की खेळ संपला. फट शोधायला काकांनी ३० हर्ट्झचा सूर लावून सांध्यांवरून उदबत्ती फिरवली. मागच्या एका कोपऱ्यात धूर थरथरला. तिथं एम-सील.

[दृश्य : वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरची छोटी पाटी. एक कॉइल, एक कपॅसिटर.]

आता सगळ्यांत दुर्लक्षित भाग. ट्वीटरला खालचे सूर झेपत नाहीत, म्हणून त्याच्या वाटेवर एक कपॅसिटर बसवलेला असतो. आमच्यावर ६.८ मायक्रोफॅरड छापलंय. ८ ओहमच्या ट्वीटरला तो साधारण २९०० हर्ट्झपासून वरचं सोडतो आणि खाली दर सप्तकाला ६ डेसिबलनं दार ढकलत जातो. जुने कपॅसिटर आतून सुकतात. मोजलं तर कोरड्या स्पीकरचा ९ भरला, बुडालेल्याचा ४. म्हणजे एक ट्वीटर बावीसशेपासूनच राबत होता आणि दुसरा पाच हजारापर्यंत निवांत. एकाच गाण्यातला एकच सूर दोन बाजूंना दोन वेगळ्या तोंडांतून येत होता.

नवे पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे कपॅसिटर बसवले. हे सुकत नाहीत. बॅटरीच्या सेलनं दोन्ही वूफरची दिशा तपासली : धन टोक लाल अग्राला लावलं की कोन बाहेर यायला हवा. आले दोन्ही. जोडणी केली, आणि आवाज असा तिखट, जणू पितळी ताटावर चमचा. माझा चेहरा पडला. कारण साधं होतं. जुन्या कपॅसिटरचा स्वतःचा थोडा अडथळा असतो, नव्याचा जवळजवळ नसतो. ट्वीटर मोकाट सुटला होता. एक ओहमचा रेझिस्टर मध्ये घातला, आणि तो ताळ्यावर आला. दहा-पंधरा रुपयांचं काम.

'अपग्रेड' म्हणून लोक यापुढं बरंच काही करतात. मीही मागच्या चिमट्यांच्या जागी स्क्रूची अग्रं लावून घेतली, अण्णांच्या थकलेल्या अँप्लिफायरच्या जागी छोटा नवा आणला. पण हजारो रुपयांच्या स्पीकर वायरींबद्दल ऐकाल तेव्हा एवढा हिशेब करा : घराच्या बोर्डाला वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरमागं ०.००७ ओहमच्या आसपास अडथळा करते. तीन मीटर अंतर, जाऊनयेऊन सहा मीटर : ओहमचा विसावा भागसुद्धा भरत नाही. समोर आठ ओहम बसलेत. मी बोर्डाची वायर घातली.

[दृश्य : दुकान, संध्याकाळ. टेबलावर दोन्ही स्पीकर, मध्ये स्टूल.]

तपासायला काकांनी गाणं लावलंच नाही. त्यांच्या भाच्यानं मोबाइलवर टिपलेला तानपुरा लावला, काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला. खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. ती सगळी वूफरची. पण घोडीवर तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवून जी जवारी, म्हणजे तारेचा झंकार, उघडतात, तिचे स्वर वर हजारोंत जातात, ते ट्वीटरचे. एकच तार दोघांत वाटलेली. सांधा चुकला असेल तर तानपुरा लपवत नाही, दोन तानपुरे ऐकू येतात, एक खाली, एक वर.

काका डोळे मिटून ऐकत होते. मग उठून रेझिस्टर काढला आणि दीड ओहमचा लावला.

"आता बस मध्ये."

बसलो. स्पीकर दोन होते, तानपुरा एक होता, आणि तो दोघांच्या मधल्या रिकाम्या भिंतीत होता.

[दृश्य : गावभागातलं घर. आई पदराला हात पुसत उभी.]

घरी एकच भांडण उरलं. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा, म्हणजे जमिनीपासून तीन फूट. मी तसे लोखंडी स्टँड करून आणले. आईनं स्टँडकडं बघितलं, मग भिंतीवरच्या २०१९च्या खुणेकडं.

"वर ठेव."

मी ट्वीटर, कान, कोन सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

"तुझ्या अण्णांनी पण टेबल मोजूनच लावलं असतं."

तेव्हा पेट्यांच्या दोन्ही अंगांना पितळी कड्या बसवल्यात. मूळ स्पीकरला त्या नव्हत्या. पुलापाशी ३० फूट झाले की दोघांनी मिळून उचलायचे, आणि माळ्यावर.

[दृश्य : जिन्यात आई आणि मी, मध्ये स्पीकर. आईचा आवाज : "हळू, तुझी बाजू खाली जातीय."]